थायरॉइडचा कॅन्सर पसरलाय, मग पुढे काय काय असतं

आमच्या ताईच्या रिपोर्टमध्ये फुफ्फुसात मेटास्टॅसिस, म्हणजे कॅन्सर तिथवर पसरलाय, असं आलं आणि घरात सगळ्यांनी आपापल्या मनात चौथी स्टेज ठरवून टाकली. डॉक्टर म्हणाले, स्टेज २. आम्हाला वाटलं समजूत घालतायत. पण खरंच तसंच आहे, पॅपिलरी किंवा फॉलिक्युलर प्रकार असेल आणि वय ५५ च्या आत असेल तर लांब पसरला तरी स्टेज २ च धरतात. त्यामुळे बाकीच्या कॅन्सरचे हिशोब इथे लावू नका, आधी प्रकार कोणता ते विचारा.

या दोन प्रकारांत सगळं एका गोष्टीवर अडतं, पसरलेले ठिपके अजून आयोडीन घेतात का? थायरॉइडच्या पेशीला आयोडीन लागतंच, ती फुफ्फुसात नाहीतर हाडात जाऊन बसली तरी बऱ्याचदा ती सवय सुटत नाही, म्हणून किरणोत्सारी आयोडीन-१३१ तोंडातून देतात आणि ते तिथे पोचून आतून मारतं. १९४६ पासून हा उपाय माहीत आहे आणि अजूनही पहिला नंबर त्याचाच. फुफ्फुसातले बारीक बारीक ठिपके, त्यातून तरुण पेशंट, अशांना चांगला गुण येतो. हाडातले जास्त चिवट, तिथे बाहेरून रेडिएशन, कधी ऑपरेशन, शिवाय हाडं मजबूत करायची इंजेक्शनं.

आयोडीनच्या आधी टीएसएच (थायरॉइडच्या पेशींना चालना देणारं हार्मोन) वर न्यावा लागतो, त्यासाठी थायरॉक्सिन, म्हणजे थायरॉइडच्या हार्मोनची रोजची गोळी, काही आठवडे बंद करतात किंवा टीएसएचचंच इंजेक्शन देतात. ताईची गोळी बंद केली होती. थंडी, सूज, बोलायचाही कंटाळा, जेवणात आयोडीन कमी, त्यात सगळे फोन करून "रेडिएशनचा त्रास होतोय का गं" विचारणार, जे अजून दिलेलंच नाही! इंजेक्शनचा पर्याय आहे का एवढं तरी विचाराच.

आता, काही जणांचे ठिपके आयोडीन घेणंच सोडतात, किंवा घेऊनही वाढतात. मग आयोडीनचे डोस वाढवत बसण्यात अर्थ नाही. पण म्हणून लगेच दुसरं औषध सुरू करायचं असंही नाही, आणि नातेवाईकांना नेमकं हेच पटत नाही. ठिपके लहान, हळू वाढणारे, त्रास काहीच नाही, तर थायरॉक्सिन थोडं जास्त देऊन टीएसएच दाबून ठेवायचा, रक्तातलं थायरोग्लोब्युलिन (थायरॉइडच्या पेशी बनवतात ते प्रथिन) आणि स्कॅन बघत राहायचं, अशी वर्षं निघू शकतात. मला तर हे वाट बघणंच शहाणपणाचं वाटतं, कारण पुढची औषधं साधी नाहीत. त्यातल्या लेनव्हॅटिनिब या गोळीच्या २०१५ साली छापून आलेल्या ट्रायलमध्ये आजार सरासरी १८.३ महिने थोपला, नुसत्या खोट्या गोळीवर ३.६. फरक मोठाच आहे, पण बीपी चढतं, जुलाब, वजन उतरतं, थकवा इतका की पुष्कळांचा डोस कमी करावा लागतो, आणि आजार मुळापासून जात नाही. सोराफेनिब त्याच्या आधीचं, कॅबोझॅन्टिनिब नंतरच्या फळीतलं.

मेड्युलरी प्रकार वेगळाच, त्या पेशी आयोडीन घेतच नाहीत, म्हणजे वरचं आयोडीनचं सगळं विसरा. तिथे रक्तात कॅल्सिटोनिन (या पेशी बनवतात ते हार्मोन) बघतात आणि आरईटी जीनमध्ये बिघाड असेल तर सेल्परकॅटिनिब हे औषध. हा बिघाड कधी कधी घराण्यातून येतो म्हणून भावंडं-मुलांचीही तपासणी सांगतात, ती टाळू नका. अॅनाप्लास्टिक मात्र फार वेगाने पळतो, तिथे वाट बघणं वगैरे काही नाही, बीआरएएफ व्ही६००ई हा जीनमधला बिघाड निघाला तर डॅब्राफेनिब आणि ट्रामेटिनिब ही औषधं जोडीने देतात, पण रिपोर्ट हातात पटकन यायला हवा. ऑपरेशनचा किंवा बायोप्सीचा ब्लॉक (मेणात जपलेला गाठीचा तुकडा) पॅथॉलॉजीत ठेवलेला असतो, बऱ्याचदा जीन टेस्ट त्याच्यावरच होते, तेव्हा तो कुठे आहे ते आजच विचारून ठेवा.