ढिल्या दोरीवरची ट्यूब

टोरांटोच्या उत्तरेला तासाभराच्या अंतरावर लेक सिम्को आहे. हिवाळ्यात या तळ्यावर बर्फ धरला की मी तिथे मासे गरवायला येणाऱ्यांची खोपटी सांभाळतो. पहाटे यंत्राने बर्फाला भोकं पाडायची, खोपट्यांत गॅसचे हीटर लावायचे, गिऱ्हाइकांना स्नोमोबिलवरून आत सोडायचं आणि ज्याला गळ बांधता येत नाही त्याला तो बांधून द्यायचा, हे माझं काम. यंदाचा सहावा हिवाळा. आमची खोपटी बॅरी शहराला लागून आत शिरलेल्या केंपेनफेल्ट बेमध्ये असतात. तळ्यातलं सगळ्यात खोल पाणी इथेच आहे, ४१ मीटर. आणि लेक ट्राऊट हा खोल, थंड पाण्याचाच मासा.

फेब्रुवारीतली गोष्ट. उणे एकवीसची सकाळ होती, बर्फ पंधरा इंच, वारा नाही. एका खोपट्यात एक बाई एकट्याच आल्या होत्या. पन्नाशीच्या असाव्यात. टोरांटोतल्या एका रुग्णालयात नर्स. रात्रपाळी संपवून, घरी न जाता, तशाच गाडी चालवत आल्या होत्या. सोबत वडिलांची जुनी गळपेटी. वडील शरदात गेले होते.

दहाच्या सुमारास त्यांचा फोन आला. "मासे येतात आणि परत जातात. आत्तापर्यंत सात आले."

मी जाऊन त्यांच्याशेजारी बसलो आणि आधी फक्त सोनार, म्हणजे पाण्याखालचे मासे पडद्यावर रेघांनी दाखवणारं यंत्र, बघत राहिलो. खाली अठ्ठ्याहत्तर फूट पाणी. त्यांचा गळ तळापासून पाचेक फुटांवर. थोड्या वेळाने तळाला चिकटून एक हिरवी रेघ उमटली, जाड होत लाल झाली आणि वर सरकायला लागली. गळाच्या खाली हातभर अंतरावर येऊन थांबली. बाईंनी काठी हलवली. रेघ तिथेच राहिली, मग विरघळावी तशी खाली गेली. आठवा.

लेक ट्राऊट असा वागतो तेव्हा लोक पहिल्यांदा ट्यूबचा, म्हणजे गळावरच्या प्लॅस्टिकच्या नकली आमिषाचा, रंग बदलतात. पांढरी ट्यूब काढून धुरकट, धुरकट काढून हिरवी, मग चमकी असलेली. दुकानात भिंतभर रंग टांगलेले असतात, त्यामुळे तेच सुचतं. रंगाला अर्थ नाही असं मी म्हणत नाही. या तळ्यात ट्राऊट स्मेल्ट आणि सिस्को खातो, दोन्ही चंदेरी मासे, म्हणून पांढरी ट्यूब चालते. तळाशी आता बाहेरून आलेले गोबी मासे माजलेत, म्हणून तपकिरीही चालते. पण तळापासून उठून गळापर्यंत आलेल्या माशाला रंग पसंत नसता तर तो उठलाच नसता. तो आला, जवळून पाहिलं आणि त्याला काहीतरी खोटं वाटलं. जवळून खोटी दिसते ती चाल.

"गळ वर घ्या जरा," मी म्हणालो.

चार इंची पांढरी ट्यूब वर आली. ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो: ट्यूब म्हणजे मऊ प्लॅस्टिकची पोकळ नळी, करंगळीपेक्षा थोडी जाड, एका टोकाला बंद आणि दुसऱ्या टोकाला माकुलासारखे बारीक पाय. आत वजनाचं डोकं असलेला गळ बसवायचा. त्याला इथे जिगहेड म्हणतात. ही ट्यूब भेंडीसारखी वाकली होती. नाकापाशी टरारून फुगलेली, दोरी बांधायची कडी एका कुशीतून बाहेर आलेली आणि गळाचं टोक बरोबर पाठीवर यायच्या ऐवजी तिरकं, भलत्याच जागी.

आत गोल शिशाचं डोकं होतं, गोटीसारखं, एक औंसाचं.

"बाबांनी हाताने ओतलेली आहेत," बाई म्हणाल्या. पेटीत तशी तीसेक होती. साच्यात शिसं ओतून, कानशीने कडा घासून, काहींना लाल रंग दिलेला. काम सुरेख होतं. पण ती नदीच्या वाहत्या पाण्यासाठी केलेली डोकी होती, उघडी वापरायची किंवा मागे भरीव प्लॅस्टिक ओवायचं. ट्यूबच्या पोकळीत गोटी मावत नाही. तिला लांबट, निमुळतं डोकं लागतं, नळीच्या आतल्या आकाराशी जुळणारं.

हे त्यांना सांगताना मला जड गेलं. त्यांनी ऐकून घेतलं, डोकं बोटांनी पुसलं आणि पेटीतल्या त्याच कप्प्यात परत ठेवलं.

मग मी माझ्याजवळचं लांबट जिगहेड काढलं, तीन अष्टमांश औंसाचं, म्हणजे दहा ग्रॅमच्या आसपास. एवढ्या खोल पाण्याला लोक पाऊण किंवा एक औंस लावतात, कारण ते लवकर पोचतं. लवकर पोचतं हे खरं, पण दगडासारखं सरळ पोचतं. हलकं डोकं बसवलेली ट्यूब ढिल्या दोरीवर सोडली की घिरट्या घेत उतरते, मरायला टेकलेला स्मेल्ट उतरावा तशी. मला ती घिरटी हवी होती.

बसवायची रीत साधी आहे, घाई मात्र चालत नाही. थंडीने ट्यूब कडक झालेली असते, म्हणून आधी मुठीत धरून ऊब द्यायची. डोकं माशाच्या तेलात बुडवायचं, तेवढ्याने ते आत सरकतं आणि वासही लागतो. पायांकडच्या उघड्या बाजूने डोकं आत घालून थेट नाकापर्यंत ढकलायचं. गळ ट्यूबच्या मध्यरेषेवर आहे ना हे उजेडात धरून बघायचं आणि मगच कडीवर अंगठा दाबून ती प्लॅस्टिकबाहेर काढायची. एकदा चुकीच्या जागी भोक पडलं की ती ट्यूब गेली. गळाचा बाक पूर्ण मोकळा राहिला पाहिजे, नाहीतर जबडा मिटला तरी टोक रुतत नाही. शेवटी गाठ. गाठ कडीच्या बरोबर वरच्या बाजूला सरकवायची, म्हणजे ट्यूब पाण्यात आडवी राहते. गाठ पुढे घसरली की ट्यूब शेपटी खाली घालून लोंबकळते. प्रत्येक झटक्यानंतर ही गाठ तपासावी लागते. बहुतेक जण तपासत नाहीत.

विणलेल्या दोरीला पुढे आठेक फूट फ्लुरोकार्बनचा पारदर्शक धागा होता, जोडावर फिरकी होती. ते सगळं ठीक होतं. भोकातल्या वरच्या पाण्यात ट्यूब सोडून पाहिली. एक वळसा घेऊन ती बर्फाच्या कडेखाली गेली.

"आता सोडा. पण दोरी ढिली."

त्यांना ते जमेना. काठी उचलून खाली आणताना त्या दोरी ताणूनच धरत. "ताण नसेल तर चावा कळणार कसा?"

हाच प्रश्न मी पहिल्या हिवाळ्यात विचारला होता. मी हर्णैचा. लहानपणी काकांबरोबर आंजर्ल्याच्या खाडीवर गरवायला जायचो. तिथे शिसं तळाला टेकलं की तंगूस बोटावर ताणून धरायचा, माशाने आमिषाला नुसतं हुंगलं तरी बोटाला कळायचं. ती सवय हातात मुरलेली. सिम्कोवर तीच आड आली. ताणलेल्या दोरीवर ट्यूब लंबकासारखी ओढली जाते, घिरटी घेतच नाही. इथे चावा बोटाला कळत नाही, डोळ्यांना कळतो: खाली जाणारी दोरी मध्येच जायची थांबते. बस, एवढंच.

मी त्यांना म्हटलं, "तुम्ही सलाइनचे थेंब मोजत असाल ना? तसं दोरीकडे बघा."

त्या हसल्या नाहीत. डोळे दोरीवर लावून बसल्या.

तिसऱ्या वेळी ट्यूब तळाजवळ पोचल्यावर रेघ उमटली आणि वर यायला लागली. मी म्हटलं, थांबू नका, रील फिरवा, पळवा तिला. ट्राऊट पाठलागावर असताना गळ थांबवला की त्याला विचार करायला वेळ मिळतो. रेघ मागोमाग साठ फुटांवर आली, पन्नासवर आली. "आता सोडा." त्यांनी रील मोकळं केलं. दोरी भोकात सरकत राहिली, सरकत राहिली आणि थांबली. खाली अजून वीसेक फूट पाणी होतं.

"झटका मारा!"

काठी वाकली ती भोकाच्या कडेला लागेपर्यंत. पुढची दहा-बारा मिनिटं आम्ही दोघं बोललो नाही. दोनदा मासा तळापर्यंत गेला. मग भोकात बुडबुडे आले, एक झुबका, पुन्हा एक. मला हा क्षण फार आवडतो. लेक ट्राऊटचं वाताशय, म्हणजे पोटातली हवेची पिशवी, एका नळीने अन्ननलिकेला जोडलेलं असतं, त्यामुळे वर येताना तो आतली हवा तोंडावाटे सोडू शकतो. हवा सोडलेला मासा परत खोल जाऊ शकतो. म्हणून बुडबुडे दिसले की मला धीर येतो.

गडद अंगावर फिकट ठिपके, खोल दुभंगलेली शेपटी, वजन पाच किलोच्या घरात. मी ओल्या हातांनी त्याला भोकातच आधार दिला आणि सवयीप्रमाणे पर मोजले. या तळ्यात सोडलेल्या हॅचरीच्या, म्हणजे मत्स्यपैदास केंद्राच्या, पिल्लांचा एखादा पर आधी कापलेला असतो, त्यावरून ओळख पटते. याचे सगळे पर शाबूत होते, शेपटीआधीचा तो छोटा मांसल परसुद्धा.

"हा इथलाच," मी म्हणालो. "इथेच जन्मलेला."

शेतं आणि वस्त्यांतून आलेल्या फॉस्फरसमुळे गेल्या शतकाच्या उत्तरार्धात या तळ्यातलं शेवाळ इतकं वाढलं की ते कुजताना खोल पाण्यातला प्राणवायू संपायचा. ट्राऊटने अंडी घातली तरी पिल्लं जगत नव्हती. तळ्यातला ट्राऊट टिकला तो हॅचरीतून आणून सोडलेल्या पिल्लांमुळे. नैसर्गिक पिल्लं पुन्हा दिसू लागली ती गेल्या वीसेक वर्षांत. हा मासा त्यांतला.

ठेवायचा की सोडायचा हा निर्णय गिऱ्हाइकाचा. हंगाम सुरू होता, त्यांच्याकडे परवाना होता, मी काही बोललो नाही. बाईंनी विचारलं, "बाबा म्हणायचे, त्यांच्या तरुणपणी इथले सगळे मासे सोडलेलेच असायचे. हा वयाने किती असेल?"

"नक्की नाही सांगता येणार. पण हे सावकाश वाढतात. एवढा व्हायला बरीच वर्षं लागतात."

त्यांनी हातमोजा काढला, हात पाण्यात बुडवून माशाच्या पोटाखाली धरला आणि मला गळ काढायला सांगितलं. मासा बर्फावर घेतलाच नाही; अशा थंडीत बाहेर काढला तर कल्ले आणि डोळे गोठतात. मिनिटभर तो त्यांच्या तळहातावर कल्ले हलवत राहिला. मग डोकं खाली करून गेला. सोनारवर रेघ सरळ तळापर्यंत उतरली.

मी वहीत नोंद केली: अठ्ठ्याहत्तर फूट, तीन अष्टमांश, पांढरी, उतरताना, पर शाबूत. सहा हिवाळ्यांच्या वह्यांत 'पर शाबूत' फार वेळा आलेलं नाही.

बाईंना अजून दोन तास होते. ट्यूबचे चार पाय तुटले होते, नाकाजवळ बारीक दातांच्या ओळी उमटल्या होत्या. मी नवीन देऊ लागलो तर त्यांनी तीच मागितली. मी ट्यूब डोक्यावर सरळ केली. त्यांनी माझ्या आधीच गाठ नखाने कडीच्या वर सरकवली, भोकात एकदा घिरटी बघून घेतली आणि दोरी ढिली सोडली.