रीसेल टाइमशेअर घ्यायचा का?
टाइमशेअर म्हणजे दरवर्षी ठरावीक रात्री रिसॉर्टमध्ये राहण्याचा आगाऊ पैसे भरून घेतलेला हक्क; रीसेल म्हणजे तो जुन्या मेंबरकडून घेणं. आज अशा एका मेंबरशिपचे कागद नीट वाचले. क्लब महिंद्राची, 25 वर्षांपैकी 11 उरलेली. असा सौदा आधी रात्रीच्या दरात मोडून बघावा. समजा मागणी दीड लाख, वर्षाला 7 रात्री. म्हणजे रात्रीमागे साधारण 1,950 रुपये. वार्षिक फी 20,000 धरली तर आणखी 2,850. जेवण, प्रवास वेगळा. ही फी वाढत जाते आणि न जाताही भरावी लागते.

मेंबरशिपच्या सीझनचा रंग बघाच, वर्षातल्या कोणत्या काळात जाता येईल ते त्यावर ठरतं! शाळेतली मुलं असतील तर मे नि दिवाळीच हाती. ब्लू-व्हाइट या कमी गर्दीच्या सीझनवर तेव्हा भिस्त ठेवू नका. जुनी फी थकली असेल तर बुकिंग अडतं, म्हणून थकबाकी नसल्याचं कंपनीचं पत्र नि ट्रान्सफरचा खर्च लेखी मागा. मेंबरशिपवर तुमचं नाव चढेपर्यंत पूर्ण रक्कम देऊ नका.