तेवीस पासवर्ड

२०१५ च्या ऑगस्टमधली गोष्ट. सांगलीत घरूनच मी छोट्या वेबसाइटी करून द्यायचो, दुकानं, दोन शाळा, एक पतसंस्था अशा मिळून तेवीस. ७ तारखेला सकाळी फायरफॉक्स ब्राउझर बनवणाऱ्या मोझिलाचं आदल्या दिवशीचं निवेदन वाचनात आलं. रशियातल्या एका बातम्यांच्या साइटवरची जाहिरात फायरफॉक्समधल्या पीडीएफ व्ह्यूअरच्या फटीतून लोकांच्या डिस्कवरच्या फायली वाचून बाहेर पाठवत होती. साइटवरच्या स्क्रिप्टने तुमच्या फायलींना हात लावायचा नाही, हा ब्राउझरचा मूळ नियमच तिथे मोडला होता.

रशियन बातम्या मी कशाला वाचतोय, असं वाटलं. पण तीच जाहिरात आणखी कुठे लागली होती, हे मोझिलालाही माहीत नव्हतं. शिवाय ती काय शोधत होती? लिनक्सवर एसएसएचच्या चाव्या, म्हणजे सर्व्हरवर शिरायच्या किल्ल्यांच्या फायली, आणि विंडोजवर फाइलझिलासारख्या एफटीपी प्रोग्रॅमच्या, म्हणजे साइटच्या फायली सर्व्हरवर चढवायच्या प्रोग्रॅमच्या सेटिंग. म्हणजे नेमका माझ्यासारखा माणूस.

फाइलझिला गिऱ्हाइकांच्या सर्व्हरचे पासवर्ड जिथे साठवतं, ती साइटमॅनेजर फाइल नोटपॅडमध्ये उघडली. माझी आवृत्ती जुनी, त्यामुळे पासवर्ड सरळ वाचता येत होते. एकाखाली एक तेवीस. त्यातले सात तर एकच! (ही लाज आजही वाटते.)

घाईत चार पासवर्ड बदलले आणि मग लक्षात आलं की फायरफॉक्स अजून ती फट असलेलं ३९.० च आहे. म्हणजे नवे पासवर्डही त्याच उघड्या फाइलमध्ये. आधी फट बुजवलेलं ३९.०.३ टाकलं, फाइलझिलातले सगळे पासवर्ड काढून वहीत उतरवले आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. भावाच्या संगणकावर तीच यादी कधीतरी घेऊन ठेवली होती, ती आठवली रात्री अकराला.

पासवर्ड बदलणं शनिवारी दुपारपर्यंत उरकलं. खरा वेळ गेला फोनवर. हा हल्ला मागे काहीच खूण ठेवत नाही, असं मोझिलानेच म्हटलं होतं. ते गिऱ्हाइकाला समजवायचं कसं? साडीच्या दुकानाचे काका म्हणाले,

"म्हणजे आपली साइट हॅक झाली?"

"तसं दिसत नाही, काका. पण पासवर्ड गेला असेल तर कळणार नाही."

"मग नाही गेला म्हण की."

सर्व्हरवरच्या फायलींच्या तारखा मी एकेक करून पाहिल्या. मी न केलेला बदल कुठेच सापडला नाही. पण त्यावरून पासवर्ड कोणाच्या हाती लागला नाही, असं छातीठोक सांगता येईना, आणि हे "नाही" आणि "दिसत नाही" मधलं अंतर फोनवर कोणाला नको होतं.

पतसंस्थेच्या मॅनेजरांना मात्र सगळं लेखी हवं होतं, सोमवारी बैठक होती. मी अर्धं पान लिहून दिलं. त्यांनी ते वाचलं, चष्मा काढला आणि विचारलं, "अहो, पण यात नेमकं झालं काय, ते कुठंय?" शेवटी "खबरदारी म्हणून पासवर्ड बदलला" एवढंच इतिवृत्तात गेलं.