दोन खाचांच्या फ्रीव्हीलची चावी

ऑगस्ट 2019 मध्ये कृष्णेचे पाणी आयर्विन पुलापाशी 57 फुटांच्या वर गेले, तेव्हा सांगलीच्या गावभागातील आमच्या तळमजल्यावर काकांची जुनी रॅले सायकल कित्येक दिवस गाळात उभी होती. गेल्या हिवाळ्यात ती दुरुस्तीला काढली, तर मागच्या चाकाच्या उजव्या बाजूच्या दोन तारा तुटलेल्या दिसल्या. त्या बाजूच्या तारांची डोकी फ्रीव्हीलच्या, म्हणजे साखळी ज्यावर बसते त्या दातेरी चकत्यांच्या संचाच्या, मागे दडलेली असतात, त्यामुळे पाच चकत्यांचे ते फ्रीव्हील उतरवल्याशिवाय नवी तार ओवता येत नाही.

फ्रीव्हील हबवर, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्यावर, आट्यांनी बसवलेले असते आणि पायडलवरचा प्रत्येक जोर ते आणखी घट्ट करतो. आमच्या बाबतीत त्यात पुराचा गंजही होता. पहिल्या दुकानात कारागिराने फ्रीव्हीलच्या तोंडावरील खाचेला छिन्नी लावून हातोडीचे चार घाव घातले. फ्रीव्हील तसूभरही हलले नाही, खाचेची एक कड मात्र चेपली. मी चाक उचलून घरी आणले. दुसऱ्या दुकानातील वयस्कर मिस्त्रींनी खाच पाहूनच सांगितले, ‘‘साहेब, ह्येचा पाना आपल्याकडं न्हाई. आमचा चार खाचंचा, साध्या सायकलीचा.’’ खोटी आशा न दाखवल्याबद्दल मला त्यांचे आजही कौतुक वाटते.

मग मी ऑनलाइन फ्रीव्हील सोडवण्याची एक चावी मागवली आणि फसलो, पण तो दोष माझाच होता. ती शिमानोच्या फ्रीव्हीलची, सुमारे 23 मिलिमीटर व्यासाची आणि बारा दातांची होती. रॉकेलने गाळ पुसल्यावर आमच्या फ्रीव्हीलवर ‘सनटूर’ आणि ‘परफेक्ट’ ही अक्षरे उमटली. या जपानी फ्रीव्हीलला आतून दात नसतात, समोरासमोर केवळ दोन खाचा असतात. हे आधी पाहिले असते तर पैसे आणि आठवडा दोन्ही वाचले असते.

ज्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1888 साली बेळगावात सायकलच्या दुकानापासून सुरुवात करून पुढे किर्लोस्करवाडी वसवली, त्यांच्या या जिल्ह्यात एक चावी मिळू नये, हे मनाला पटेना. कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत लेथ चालवणाऱ्या एका मित्राकडे चाक नेले. खाचांची रुंदी आणि त्यांमधील अंतर व्हर्नियरने मोजले. खोली मोजण्यासाठी घरून नेलेला घट्ट कणकेचा गोळा खाचेत दाबून त्याचा ठसा काढला, ज्यावर कारखान्यातील मुले बराच वेळ हसली. मित्राने पोलादाचा गोल तुकडा पोकळ करून तोंडाशी दोन दात कोरले आणि चेपलेल्या कडेपुरता एक दात कानशीने घासून बसता केला. चावीची भिंत जाड झाल्याने ती आसाच्या लॉकनटला अडत होती, म्हणून तो नट आणि त्याखालचा वायसर काढावा लागला.

दोन दातांच्या चावीची खरी अडचण ती निसटण्याची असते. म्हणून चावीवरून आसाचाच नट पक्का आवळून ती खाचांमध्ये दाबून धरली. आदल्या रात्री आट्यांत गंज सोडवणारे तेल सोडले होतेच. चावी व्हाइसमध्ये, म्हणजे टेबलावरच्या शिकंज्यात, धरून चाक आडवे ठेवले आणि दोघांनी रिम समोरासमोर पकडून डावीकडे, म्हणजे घड्याळाच्या उलट दिशेने, जोर लावला. पहिल्या दोन प्रयत्नांत केवळ टायर हातात पिळवटला. तिसऱ्या वेळी ‘कट्’ असा आवाज आला आणि चाक पाव फेरा फिरले. आसाचा नट त्याच वेळी सैल करणे आवश्यक असते, कारण सुटत जाणारे फ्रीव्हील चावीला बाहेर ढकलते आणि नट न सोडल्यास आस ताणला जातो. उरलेले आटे हातानेच निघाले; आत गाळाची तांबूस पावडर आणि एक वाळलेले गवताचे पाते होते.

दोन्ही तारा बदलून, आउट काढून चाक सरळ केले. आट्यांना भरपूर ग्रीस लावून फ्रीव्हील केवळ हाताने बसवले. पुढची घट्टाई मी आयर्विन पूल ओलांडताना पायडलवर सोपवली. चावी आता त्या वयस्कर मिस्त्रींच्या दुकानात खिळ्याला टांगलेली आहे. तिच्यावर त्यांनी पांढऱ्या रंगाने ‘दोन’ असे लिहून ठेवले आहे.