वानवळ्याचे डबे

रविवार, १ डिसेंबर २०२४, श्टुटगार्ट

आज पहिला आडव्हेंट, म्हणजे नाताळच्या आधी येणाऱ्या चार रविवारांपैकी पहिला. या दिवसापासून आमच्या इमारतीच्या जिन्यात भाजल्या लोण्याचा वास दरवळू लागतो. दिवाळीच्या आधी साताऱ्याच्या आमच्या वाड्यात कोणाकडे चिवडा चालला आहे आणि कोणाकडे अनारसे, हे जसे नाकाला आधी कळत असे, तसेच येथेही होते. नाताळसाठी घरोघरी केल्या जाणाऱ्या या छोट्या बिस्किटांना जर्मनीत बहुतेक ठिकाणी प्लेट्सशेन म्हणतात. आमच्या श्वाबियात, म्हणजे श्टुटगार्टच्या आसपासच्या प्रदेशात, त्यांचे लाडके नाव गुट्सले. ती घरात खाण्यापुरती कोणीच करीत नाही. पत्र्याच्या डब्यांत थर लावून ती शेजारी, सहकारी, मुलांच्या शिक्षिका यांच्याकडे पोहोचवली जातात. वानवळा हा शब्द मराठीबाहेर कोणाला समजावून सांगावा लागला, तर मी हे डबे दाखवीन.

येथे राहून आम्हाला नऊ वर्षे झाली आणि डिसेंबरात आम्ही आजवर केवळ घेत आलो आहोत. दिवाळीत आमच्याकडून फराळ जातो हे खरे. परंतु नाताळात आलेले डबे आम्ही दुकानातले चॉकलेट घालून परत करीत होतो. शेजाऱ्याचे भांडे रिकामे परत करू नये, चिमूटभर साखर तरी त्यात घालावी, हे आईने लहानपणी बजावले होते. तो नियम मी अक्षरशः पाळीत होतो आणि तरीही दरवर्षी डबा परत देताना मला ओशाळल्यासारखे होत असे. यंदा सहा डबे घरच्या बिस्किटांनी भरायचे, असे ठरवले. पत्नीला या महिन्यात रुग्णालयात रात्रपाळ्या आहेत, त्यामुळे भट्टी माझ्याकडे आणि मदतीला आमची नऊ वर्षांची कन्या.

रविवारी येथे दुकाने बंद असतात म्हणून लोण्याची सहा पाकिटे कालच आणली. यंदाचे वर्ष या उद्योगासाठी महागडे निवडले, एवढे मात्र खरे. ऑक्टोबरात अगदी स्वस्त दुकानांतही २५० ग्रॅमच्या पाकिटाचा भाव २ युरो ३९ सेंटवर गेला आणि तो येथला उच्चांक ठरला. मार्गारिन वापरले तर चालेल का, असे मी तळमजल्यावरच्या आजींना विचारले. फराळ डालड्यात तळण्याविषयी विचारल्यावर माझ्या आजीने ज्या नजरेने पाहिले असते, त्याच नजरेने त्यांनी माझ्याकडे पाहिले.

संध्याकाळी त्यांच्याच स्वयंपाकघरात आम्ही श्प्रिंगर्ले नावाची बिस्किटे उमटवली. चार अंडी, अर्धा किलो पिठीसाखर आणि अर्धा किलो मैदा, एवढेच त्याचे मुख्य साहित्य. लोणी त्यात नावालाही नसते. अंडी व साखर पांढरीशुभ्र होईपर्यंत फेटायची, मैदा मिसळून पीठ जाडसर लाटायचे आणि त्यावर लाकडी साचा दाबून चित्र उठवायचे. साचे नासपतीच्या लाकडाचे आहेत आणि आजींकडे ते त्यांच्या आजीकडून आले आहेत. त्यांत हृदय आहे, घोडेस्वार आहे, एक शेपटीवाला पक्षी आहे. गुढीपाडव्याच्या साखरेच्या गाठी लाकडी साच्यांतून काढताना मी साताऱ्यात पाहिल्या आहेत. तेथे साचा पाक धरून ठेवतो, येथे तो केवळ खूण ठेवून जातो. उमटवलेली चित्रे बडीशेपेच्याच कुळातल्या ॲनिसचे दाणे पसरलेल्या पत्र्यावर ठेवून रात्रभर उघडी सोडली आहेत. चोवीस तास तरी त्यांना वाळू द्यायचे असते.

सोमवार, २ डिसेंबर

हे वाळवणे म्हणजे या बिस्किटाचे सारे मर्म आहे, हे आज कळले. वरचा पापुद्रा वाळून घट्ट होतो, त्यामुळे मंद आचेवर भाजताना आतले पीठ फुगले तरी ते वर चित्राला धक्का लावू शकत नाही. ते खालून बाहेर पडते आणि बिस्किटाला सभोवार एक खडबडीत कडा फुटते. तिला येथे ‘पाय’ म्हणतात. पाय आले नाहीत, किंवा एकाच बाजूला आले आणि बिस्किट कलंडले, तर करणाऱ्याची अब्रू जाते. आमच्या पहिल्या पत्र्यावरची निम्मी कलंडली. वाळलेल्या बिस्किटांची तळबाजू भाजण्यापूर्वी ओल्या फडक्यावर किंचित टेकवायची असते, ती गोष्ट मी घाईत गाळली होती. दुसरा पत्रा बराच सरळ उभा राहिला.

पिठात फुगण्यासाठी घालतात ते ‘हरणाच्या शिंगाचे मीठ’. पूर्वी ते खरोखरच शिंगे तापवून मिळवीत. आज पाकिटात अमोनियम बायकार्बोनेट असते. उष्णतेने त्याचे अमोनिया, कार्बन डायऑक्साइड आणि पाणी होते. पातळ व कोरड्या बिस्किटातून अमोनिया पूर्ण उडून जातो, जाड केकमधून मात्र तो जात नाही, म्हणून केकला ते वापरत नाहीत. ओव्हनचे दार उघडताच तो वास असा काही नाकात भिनला, की मला एकदम साताऱ्यातल्या बेकरीची मागची खोली आठवली. दिवाळीच्या आधी आई तूप, मैदा, पिठीसाखर आणि वेलचीची पूड देऊन मला तेथे पाठवीत असे. बेकरीवाले किलोमागे मजुरी घेऊन नानकटाई भाजून देत. भट्टीतून पत्रे बाहेर येत तेव्हा हाच वास येई. माझे काम केवळ बसून राहण्याचे होते. आपले साजूक तूप आपल्याच नानकटाईत गेले की नाही, यावर घरच्या माणसाची नजर हवी, अशी आईची ठाम समजूत होती. डब्यावर नावाची चिठ्ठी लावलेली असे. तरी एका वर्षी आमचा डबा दुसऱ्याच कोणाकडे गेला आणि त्यांचा आमच्याकडे आला. त्यांची नानकटाई आमच्याहून सरस होती, ही गोष्ट आईने वडिलांना कधीच कळू दिली नाही.

शनिवार, ७ डिसेंबर

आजचा सगळा दिवस ओव्हनसमोर गेला. सकाळी व्हॅनिला-किप्फर्ल केले, म्हणजे चंद्रकोरीच्या आकाराची बदामाची बिस्किटे. मैदा २५० ग्रॅम, लोणी २०० ग्रॅम, दळलेले बदाम १०० ग्रॅम आणि साखर ८० ग्रॅम, असे प्रमाण आजींनी एका जुन्या पाकिटाच्या पाठीवर लिहून दिले. मैदा ‘४०५’ क्रमांकाचा घ्यायचा, हे त्यांनी दोनदा अधोरेखित केले होते. १०० ग्रॅम पीठ जाळल्यावर साधारण तेवढे मिलिग्रॅम राख उरते, म्हणून तो क्रमांक. आकडा जितका लहान तितके पीठ पांढरे.

प्रमाण वाचताच ही नानकटाईची चुलतबहीण आहे, हे माझ्या ध्यानात आले. अंडे नाही, पाणी नाही, आणि मैद्याच्या जवळजवळ बरोबरीने स्निग्धांश. चकलीच्या भाजणीत मोहन जास्त झाले तर चकली तेलात विरघळते, हे आपल्याकडे मुलींना (आणि माझ्यासारख्या एखाद्या मुलाला) न शिकवताच कळलेले असते. येथेही तेच शास्त्र चालते: पिठाच्या कणांना लोण्याने असे वेढायचे की ते एकमेकांना धरू शकणार नाहीत. मग तोंडात टाकताच बिस्किट विरघळते; पण हातातही विरघळते, ही त्याची दुसरी बाजू. भाजून निघालेल्या चंद्रकोरी व्हॅनिलाच्या साखरेत घोळवायच्या असतात आणि त्यासाठी हाती असतात जेमतेम काही मिनिटे. फार गरम असताना उचलल्या तर मोडतात, निवल्यावर साखर चिकटत नाही. पहिल्या पत्र्यावरच्या अकरा मोडल्या. मोडलेले घरच्यांचे, हा नियम आमच्या कन्येने परस्पर जाहीर केला, आणि त्यानंतर तिच्या हातून मोडण्याचे प्रमाण संशय यावा इतके वाढले.

दुपारी दालचिनीच्या चांदण्या केल्या. यांत मैदा अजिबात नाही. बदामाची पूड, अंड्याचा पांढरा भाग, पिठीसाखर आणि भरपूर दालचिनी. या दालचिनीवरून आजींनी मला उलटतपासणीला उभे केले. २००६ साली येथे मोठी खळबळ उडाली होती. बाजारातील स्वस्त दालचिनी बहुधा कॅशिया जातीची असते, तिच्यात कूमारिन नावाचे द्रव्य बरेच असते आणि ते फार प्रमाणात पोटात गेले तर यकृताला बाधू शकते. तेव्हा जोखीम-मूल्यमापन करणाऱ्या सरकारी संस्थेने नेमक्या या चांदण्यांविषयी इशारा दिला होता. पुढे युरोपीय संघाने सणासुदीच्या दालचिनीयुक्त बिस्किटांसाठी किलोमागे ५० मिलिग्रॅम कूमारिनची मर्यादा घातली. तेव्हापासून आजी सिलोनच्या दालचिनीखेरीज दुसरी घरात येऊ देत नाहीत. माझी दालचिनी रत्नागिरी जिल्ह्यातल्या सासुरवाडीच्या परसातली. तीही खऱ्या, म्हणजे सिलोनच्याच जातीची. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने ‘कोकण तेज’ हा वाण दिला तो याच झाडाचा. हे सारे सांगूनही आजींचे समाधान झाले नाही. अखेर त्यांनी साल बोटांत धरून मोडली आणि तिचे कागदासारखे पातळ पदर पाहून काही न बोलता ती खलात टाकली.

तिसरा प्रकार हिल्डाब्र्योटले, दोन चकत्यांमध्ये लाल जॅम भरलेला. बाडेन या जुन्या जर्मन संस्थानाच्या अखेरच्या ग्रँड डचेस, म्हणजे राणीसाहेब, हिल्डा यांच्या नावाचा. तो कन्येने एकटीने केला आणि ज्याचे भोक नेमके मध्यभागी आहे असा नग शोधूनही सापडला नाही.

बुधवार, ११ डिसेंबर

आज काहीच भाजले नाही. डबे तेवढे उघडून पाहिले. प्रत्येक प्रकार वेगळ्या डब्यात ठेवावा लागतो. एकत्र ठेवले तर जॅमचा ओलावा किप्फर्लमध्ये उतरतो आणि दालचिनीचा वास सगळ्यांना लागतो. श्प्रिंगर्ले अद्याप दगडासारखे टणक आहेत. त्यांच्या डब्यात सफरचंदाची फोड ठेवली आहे, तिच्या ओलीने ते हळूहळू मऊ होतात. किप्फर्लचा थर कालच्यापेक्षा कमी दिसला. चौकशी केली नाही.

रविवार, १५ डिसेंबर

तिसरा आडव्हेंट. आज डबे भरले, आणि कोणाला काय द्यायचे हा प्रश्न काय करायचे यापेक्षा अवघड निघाला. कार्यालयातील दोघे मराठी मित्र अंडे खात नाहीत, तेव्हा त्यांच्या डब्यात केवळ किप्फर्ल गेले. शाळेतील बाईंना चारही प्रकार दिले.

खरा पेच साताऱ्याच्या डब्याचा. ओळखीचे एक कुटुंब शुक्रवारी पुण्याला निघाले आहे आणि त्यांनी आईसाठी एक डबा न्यायचे मान्य केले आहे. श्प्रिंगर्ले विमानातूनच काय, बैलगाडीतूनही शाबूत पोहोचतील; पण त्यांत अंडी आहेत आणि आई अंड्याला शिवत नाही. तिला चालतील ते किप्फर्ल, आणि ते तर माझ्या स्वयंपाकघरातून बैठकीच्या खोलीपर्यंतही धड पोहोचत नाहीत. प्रत्येक थराखाली आणि वर लोण्याचा कागद घातला, फटींत कापूस भरल्यासारखे चुरगळलेले कागद कोंबले, आणि डबा हलवून पाहिला. आवाज आला नाही. यापलीकडे माझ्या हाती काही नव्हते.

संध्याकाळी खालच्या आजींकडे डबा घेऊन गेलो. दिवाळीत त्यांना चकल्या दिल्या होत्या तोच स्टीलचा डबा. त्यांनी तो आठवड्याभरात घासून-पुसून, त्यात अक्रोड घालून परत केला होता. त्यांनी झाकण काढले, एक श्प्रिंगर्ले उचलला, चष्मा कपाळावर चढवून तो उलटा केला आणि त्याचे पाय पाहिले. पक्ष्याचा होता, दुसऱ्या पत्र्यावरचा. मग त्यांनी तो जागच्या जागी ठेवला आणि म्हणाल्या, की आता आपण एकमेकांना ‘डू’ म्हणायला हरकत नाही. जर्मनमध्ये ‘झी’ म्हणजे तुम्ही आणि ‘डू’ म्हणजे तू. तू म्हणण्याची मुभा थोरल्याने द्यायची असते, आणि जिना झाडण्याच्या आठवड्यांच्या पाळ्या गेली नऊ वर्षे त्यांच्याशी वाटून घेऊनही ती मला मिळालेली नव्हती. ऐंशी वर्षांच्या बाईंना तू कसे म्हणावे, या विचाराने मी क्षणभर गोंधळलो. घरी येऊन कन्येला सांगितले, तर ती म्हणाली, “पण बाबा, तू साताऱ्याच्या आजीला ‘तू’च म्हणतोस ना?”

सोमवार, २३ डिसेंबर

गेल्या आठवड्याभरात आमच्याकडे चार डबे आले. त्यांतले दोन आमचेच होते, भरून परत आलेले. एका घरच्या चांदण्या आमच्यापेक्षा फार चांगल्या आहेत. वरचा पांढरा थर कडेपर्यंत अगदी सफाईने गेला आहे. आईसारखाच मीही हे घरात कोणाला बोललो नाही, येथे मात्र लिहून ठेवतो.

आज आईचा फोन आला. डबा शनिवारीच पोहोचला होता. आत काय शिल्लक आहे, हे मी धीर करून विचारले.

“अरे, छान बारीक भुगा होता. मला वाटलं, तिकडे असाच करत असतील. त्यात चमचाभर तूप पातळ करून घातलं आणि लाडू वळले. बावीस झाले. वाड्यात सगळ्यांकडे दोन-दोन दिले, म्हटलं, जर्मनीचा वानवळा आहे.”

ते लाडू नव्हते, चंद्रकोरी होत्या, असे मी सांगितले. मोडू नयेत म्हणून किती कागद घातले होते, तेही सांगितले. ती थोडा वेळ काही बोलली नाही.

“मग पुढच्या वर्षी मोडूनच पाठव,” ती म्हणाली. “कागदाची जागा वाचेल, डब्यात जास्त मावतील.”