पाटेश्वर, लिंब आणि खिशातला टॉर्च

नवा टॉर्च घरात बसून कळत नाही. दिवे मालवून समोरच्या भिंतीवर झोत टाकला की कुठलाही टॉर्च झकासच वाटतो. त्यामुळे हा हातात आल्यावर सुट्टी साधून मी दुचाकी काढली आणि साताऱ्याची वाट धरली. भर दुपारी काळोख मिळेल अशी एक जागा डोक्यात होती, देगावच्या डोंगरावरचं पाटेश्वर, म्हणजे महादेवाचं मंदिर आणि लेणी. रात्रीसाठी लिंब गावाजवळचं मामांचं शेत होतंच. त्या आठवड्यात त्यांच्या शिवाराला रात्रीची लाइट होती, म्हणजे मामा उसाला दारं धरायला, म्हणजे पाणी द्यायला, जाणार हे नक्की.

आधी टॉर्चविषयी. बोटभर लांबीची ॲल्युमिनियमची नळी, एका टोकाला भिंग, दुसऱ्या टोकाला बटण आणि चुंबक, अंगाला शर्टाच्या खिशात अडकवायची क्लिप. आत १४५०० मापाचा लिथियम-आयन सेल बसतो. १४ मिलिमीटर व्यास, ५० मिलिमीटर लांबी आणि शेवटचं शून्य म्हणजे गोल नळीचा आकार. घड्याळात घालायचा पेन्सिल सेलही जवळपास याच मापाचा, आणि या टॉर्चमध्ये तोही चालतो. उजेड मात्र बराच कमी पडतो. मला ही सोय सगळ्यात आधी आवडली. चार्जिंग संपलं तरी गावातल्या किराणा दुकानात पेन्सिल सेल मिळतोच. याच्या उलट मात्र कधी करू नये. भरलेला लिथियम सेल ४.२ व्होल्ट देतो, पेन्सिल सेल दीड. लिथियम सेल घड्याळात किंवा रिमोटमध्ये घातला तर ते यंत्र जळण्याची भीती.

खोक्यावर ठळक अक्षरांत १००० लुमेन लिहिलं होतं. लुमेन हे उजेडाचं माप. त्या आकड्याकडे पुन्हा येतोच.

साताऱ्यात पोवई नाक्यावर चहा घेतला, एमआयडीसी ओलांडून देगावात आलो आणि डोंगराला लागलो. गाडी जाते तिथवर नेऊन पुढे पायी. मागे वळून पाहिलं की पश्चिमेला अजिंक्यताऱ्याचा लांबट माथा दिसतो. वाटेत दगडात कोरलेला गणपती भेटतो, मग झाडी दाट होते, पुष्करणी येते आणि पायऱ्या चढून आपण मंदिरापाशी पोचतो. इथलं मंदिराचं काम अठराव्या शतकात परशुराम नारायण अनगळ या सावकारांनी करवून घेतलं असं सांगतात. कास पठार पाहायला साताऱ्यात येणाऱ्या लोकांपैकी फार थोडे इकडे वळतात, याचं मला खरंच वाईट वाटतं. एवढी शिवलिंगं, तीही एवढ्या तऱ्हांची, मी दुसरीकडे कुठेही पाहिलेली नाहीत. मुठीएवढी आहेत, कमरेएवढी आहेत, कट्ट्यावर ओळीने मांडलेली आहेत, आणि एकाच मोठ्या लिंगावर बारीक लिंगांच्या रांगा कोरलेलीही आहेत.

लेण्यांत शिरलो तेव्हा बाहेर लख्ख ऊन होतं, त्यामुळे आत काहीच दिसेना. उन्हातून आलेल्या डोळ्याची बाहुली लगेच मोठी होते, पण अंधारात पाहण्याचं खरं काम करणाऱ्या पेशींना पूर्ण तयार व्हायला अर्धा तास लागतो. मी बटण दाबून ठेवलं आणि सगळ्यात मोठा उजेड लावला. दालन पांढरंफटक झालं. भिंत दिसली, कट्टा दिसला, लिंगं दिसली आणि तरी काही दिसलं नाही असंच वाटलं. काळा दगड समोरून आलेल्या झोतात सपाट होतो. सावलीच उरत नाही, आणि कोरीवकाम म्हणजे सगळा सावल्यांचा खेळ.

मिनिटभरात टॉर्चची मान चांगलीच तापली आणि उजेड आपोआप उतरला. हा दोष नव्हे, ती तशीच रचना असते. एलईडीला दिलेल्या विजेचा मोठा भाग उष्णतेतच जातो आणि ती उष्णता पोटात घ्यायला एवढ्याशा नळीत धातू असतो तरी किती? आतलं सर्किट तापमान बघतं आणि वीज कमी करतं. म्हणजे खोक्यावरचे १००० लुमेन पहिल्या मिनिटाचे. त्यानंतर जो काही उजेड तास-दोन तास टिकतो, तोच त्या टॉर्चचा खरा उजेड. विकत घेताना विचारायचा आकडा तो, आणि तो नेमका बारीक अक्षरांत छापलेला असतो.

उजेड उतरला तसं पुढचं पाऊल मी स्वतःच टाकलं. उजेडाच्या सगळ्यात मंद पायरीवर आलो आणि टॉर्च भिंतीला जवळजवळ टेकवून आडवा धरला. आता झोत दगडावरून सरपटत गेला आणि छिन्नीचा एकेक घाव उठून आला. लिंगावरच्या बारीक लिंगांच्या रांगा, ज्या मघाशी नुसत्या खरबरीत वाटल्या होत्या, त्या मोजता येतील इतक्या स्पष्ट झाल्या.

अग्निवृषाचं शिल्प मी याच उजेडात पाहिलं. पाटेश्वरला जाणाऱ्याने ते चुकवू नये. माणूस आणि बैल एकाच दगडात असे गुंतवलेत की एका अंगाने बघावं तर बैल, दुसऱ्या अंगाने बघावं तर माणूस. ऋग्वेदाच्या चौथ्या मंडलात चार शिंगं, तीन पाय, दोन डोकी आणि सात हात असलेल्या वृषभाचं वर्णन येतं, आणि जाणकार या शिल्पाचा संबंध त्या ऋचेशी लावतात. समोरून प्रकाश टाकला तर हात एकमेकांत मिसळून जातात. टॉर्च डावीकडे नेला की एक हात सुटा होतो, उजवीकडे नेला की दुसरा. मी बराच वेळ तिथेच होतो. एवढ्याशा वस्तूने मला त्या शिल्पाभोवती फिरायला लावलं, आणि माझ्या दृष्टीने त्याचे सगळे पैसे तिथेच वसूल झाले.

शेजारच्या दालनात देगावच्या दोन बायका पाण्याचे तांबे आणि बेलाची पानं घेऊन आल्या होत्या. त्यातल्या वयस्कर आजींनी हाक मारली, "दादा, जरा हिकडं उजेड धरा की. कोपऱ्यातल्या देवाला पाणी घालायचंय." मी मोठा उजेड लावायला गेलो तर म्हणाल्या, "एवढा नगं. वर पाकोळ्या हायती, उठत्याल." छताला वटवाघळं लटकत होती. मंद उजेड जमिनीकडे धरला, त्यांनी एकेका पिंडीला पाणी घातलं, पान वाहिलं. वटवाघळं जागची हलली नाहीत. लेण्यांत टॉर्च घेऊन जाणाऱ्या प्रत्येकाने आजींचं हे बोलणं पाळावं असं मला वाटतं. तिथं राहणाऱ्या जिवांच्या अंगावर झोत मारायचा आपल्याला काही अधिकार नाही.

आणखी एक गोष्ट तिथेच लक्षात आली. स्वस्त टॉर्चचा उजेड निळसर पांढरा असतो. त्यात शेंदूर मळकट दिसतो आणि बेलाचं पान काळपट. माझ्या टॉर्चमधला एलईडी पिवळसर छटेचा आहे आणि त्याचा रंगदर्शक निर्देशांक, म्हणजे रंग किती खरे दिसतात त्याचं माप, ९० च्या वर आहे. सूर्यप्रकाशाला या मापात १०० धरतात. आकडा वाचताना मला तो उगाच मिरवण्याचा वाटला होता, पण पिंडीवरचं कुंकू कुंकवाच्याच रंगाचं दिसलं तेव्हा तो महत्त्वाचा वाटू लागला. पिवळसर, रंग खरे दाखवणारे एलईडी तेवढ्याच विजेत थोडे कमी लुमेन देतात. मी तो सौदा आनंदाने करीन.

उतरून साताऱ्यात आलो आणि महामार्गाने लिंबकडे निघालो. मामांकडे जाण्याआधी तिन्हीसांजेला बारामोटेच्या विहिरीवर थांबलो. ही विहीर शाहू महाराजांच्या काळात, शके १६४१ ते १६४६ म्हणजे इसवी सन १७१९ ते १७२४ या वर्षांत, वीरूबाई भोसले यांनी बांधून घेतली. अष्टकोनी बांधणी, सुमारे ११० फूट खोली, ५० फूट व्यास, आणि पोटात चक्क एक छोटा महाल. एका वेळी पाणी उपसायच्या बारा मोटा चालायच्या म्हणून हे नाव. खालच्या पायऱ्या काळवंडल्या होत्या. वरून झोत सोडला तर विहिरीचं अख्खं तोंड एकसारखं उजळलं, पण तळाशी पाण्यापर्यंत जेमतेमच काही पोचलं.

याचं कारण साधं आहे. लुमेन म्हणजे टॉर्चमधून बाहेर पडणारा एकूण प्रकाश. तो किती लांब जाईल हे कँडेलावर, म्हणजे तो किती अरुंद झोतात बांधलाय यावर ठरतं. खिशातल्या टॉर्चचं भिंग छोटं, झोत पसरट. त्यात खोक्यावर लिहिलेलं अंतर ज्या मानकाने मोजतात ते म्हणतं की उजेड ०.२५ लक्सपर्यंत (लक्स म्हणजे एखाद्या जागेवर पडणाऱ्या उजेडाचं माप) खाली येतो तिथे झोत संपला. निरभ्र रात्रीच्या पौर्णिमेच्या चांदण्याएवढा हा उजेड. १०० मीटर लिहिलं असेल तर १०० मीटरवर चांदण्याइतकं दिसेल. ५० मीटरवर त्याच्या चौपट. म्हणून छापलेल्या अंतराच्या निम्म्यातच काम होतं असं मी धरून चालतो. विहिरीचा तळ बघायला दुसरा टॉर्च लागेल. पण विहिरीवरच्या शिलालेखाजवळ जाऊन झोत पुन्हा आडवा धरला, तर अक्षरं छान वर आली.

जेवण झाल्यावर मामा निघाले. डोक्याला मफलर, हातात खोरं, खांद्याला पट्ट्याने लटकवलेली चार्जिंगची मोठी बॅटरी. मी माझा टॉर्च दाखवला. त्यांनी तो तळहातावर उलटापालटा केला आणि म्हणाले, "आरं, ह्यो उजेड पाडणार व्हय? चल, बघू तरी."

मोटरच्या खोलीत पहिली परीक्षा झाली. स्टार्टर उचलत नव्हता. मामांनी मेन बंद केला, फ्यूज काढले. एरवी अशा वेळी कुणाला तरी बॅटरी धरून उभं करावं लागतं. मी टॉर्चचं बूड स्टार्टरच्या पत्र्याच्या पेटीला लावलं, चुंबकाने तो तिथेच चिकटला आणि उजेड समोरच्या फळीवरून परतून दोन्ही हातांवर पडला. मामांनी तार बदलली, मेन टाकला, मोटर सुरू झाली. एवढं झाल्यावर त्यांनी टॉर्च मला परत दिला नाही.

शेतात दुसरी अडचण आली. दारं मोडायला दोन्ही हात खोऱ्याला लागतात. टॉर्चची क्लिप दोन्ही बाजूंनी बसते, म्हणजे टोपीच्या झापीला अडकवून तो डोक्यावरचा दिवा होतो. गावाकडच्या पांढऱ्या टोपीला झाप नाही. मामांनी मफलरच्या घडीत क्लिप खोचली, मान एकदा इकडे-तिकडे हलवून बघितली आणि पाण्यात उतरले. पसरट झोत पायाखालच्या सरीपासून पुढच्या आठ-दहा पावलांपर्यंत सारखा पडत होता. विहिरीवर उणा पडलेला पसरटपणा इथे कामाला आला. वाळलेल्या पाचटात घोणस पडून असेल तर तिच्या अंगावरचे तपकिरी ठिपके पाचटाच्याच रंगात मिसळतात. निळसर उजेडात तर दोन्ही राखाडीच दिसतात. मामा बांधावर पाय ठेवण्याआधी दर वेळी थांबून बघत होते. त्या पिवळसर उजेडात पाचट पाचटासारखं दिसत होतं. थोड्या वेळाने तेच म्हणाले, "माझ्या बॅटरीचा उजेड लांब जातो, पर जवळचं दिपतं. ह्यात पायाखालचं बरं दिसतंय."

त्यांची तक्रारही खरी होती. बटण लहान आहे आणि ओल्या, चिखलाच्या बोटांना ते सापडत नाही. उजेडाच्या पायऱ्या बदलायला एकदा दाबा, दोनदा दाबा, धरून ठेवा असलं गणित त्यांना नको होतं. "एक दाबलं की लागावा, परत दाबलं की इझावा. बास." मला हे पटतं. बनवणाऱ्यांनी बटणावर जेवढे खेळ भरलेत, त्यातले निम्मे कुणालाच लागत नाहीत. एक मात्र आवर्जून हवा, बटणाला कुलूप लावायची सोय. खिशात चुकून पूर्ण उजेड लागला तर कापड जळू शकतं.

मध्यरात्र उलटल्यावर घरी आलो तेव्हा सेलमध्ये अजून चार्ज शिल्लक होता, कारण सगळं काम मधल्या पायरीवरच झालं होतं. पहाटे मामींनी तो गोठ्यात नेला. धारेला बसताना पत्र्याच्या खांबाला चिकटवला, सगळ्यात मंद उजेडावर. परत आल्यावर म्हणाल्या, "मोठ्या बॅटरीला म्हस बुजती. ह्याला नाय बुजली. मला असलाच आण, पर बारका उजेड आधी लागंल असा."

तो त्यांच्यासाठी मागवलाय. आधी मंद लागणारा, पिवळसर, चुंबकवाला, आणि फोनच्याच यूएसबी-सी वायरवर चार्ज होणारा. मामांसाठी डोक्याला पट्ट्याने बांधायचा, १८६५० मापाच्या मोठ्या सेलवर चालणारा टॉर्च बघतोय, म्हणजे पाण्याची सगळी पाळी एका चार्जिंगवर निघेल. त्याला बटण एकच हवं, बोटभर रुंद, चिखलातही लागणारं.