खेळ सुरू होण्याआधीच मेलेले माझे पात्र

गेल्या पावसाळ्यात गोव्यात फोंड्याला मित्राच्या घरी आम्ही चौघांनी 'ट्रॅव्हलर' हा 1977 सालचा विज्ञानकथेवरचा रोलप्लेइंग (प्रत्येकाने एका काल्पनिक पात्राची भूमिका वठवण्याचा) खेळ मांडला, तेव्हा पहिली अख्खी संध्याकाळ पात्रे घडवण्यातच गेली आणि माझे पात्र त्याच संध्याकाळी मेले. जुन्या नियमांनुसार पात्र 18व्या वर्षी एखाद्या सेवेत भरती होते, तिथे चार-चार वर्षांच्या मुदती काढते आणि प्रत्येक मुदतीत ते तगले की नाही, हे दोन फाशांवर ठरते. माझ्या पात्राचे गुण '86479बी' असे पडले होते. ताकद, चपळाई, चिवटपणा, बुद्धी, शिक्षण आणि सामाजिक स्थान यांच्या या सहा खुणा. त्यांतला शेवटचा 'बी' म्हणजे 11, अर्थात सरदारकीचा मान. या मानकऱ्याला मी हौसेने टेहळणी दलात घातले. तिथे तगण्यासाठी किमान 7 लागतात. दुसऱ्या मुदतीत 5 पडले. (फासे लुडोच्या डब्यातलेच होते, त्यांहून वेगळे काही या खेळाला लागत नाही.)

माझे दुसरे पात्र व्यापारी अंतराळजहाजांवर वीस वर्षे काढून 38व्या वर्षी बाहेर पडले. आणखी एक मुदत घ्यावी की आहे त्यावर समाधान मानावे, ही घालमेल मला पुढच्या साऱ्या चकमकींपेक्षा अधिक रंगतदार वाटली.

खरी कसोटी आमच्या पात्रांच्या अंतराळजहाजावरच्या कर्जाची. जहाजाच्या किमतीचा 240वा भाग दरमहा, असे 480 हप्ते. एका ताऱ्याकडून दुसऱ्याकडे घेतलेली उडी एका पार्सेकची (ताऱ्यांमधले अंतर मोजायचे एकक) असो वा दोन, आठवडा जातोच, आणि दर पार्सेकला जहाजाच्या टनभाराच्या दहा टक्के इंधन जळते. एकजण वैतागून म्हणाला, "हा खेळ आहे की जमाखर्च?" मात्र ज्याच्या काकांची मांडवी नदीत खनिज वाहणारी बार्ज होती आणि 2012 साली खाणी बंद पडल्यावर जी धक्क्याला बांधून राहिली, त्याने वही स्वतःकडे ओढून एवढेच विचारले, "जहाज रिकामे गेले तरी हप्ता तोच ना?"

तिसऱ्या शनिवारी हप्त्याला पैसे कमी पडले, म्हणून आत काय आहे हे न विचारता आम्ही कुणाच्या तरी बारा पेट्या चढवल्या. तेवढ्यात वीज गेली. बार्जवाल्याच्या पुतण्याने मोबाइलच्या उजेडात वहीत भाडे लिहिले आणि मालाच्या रकान्यात नुसती रेघ ओढली.